आधी आठवा, मग बघा: रोजच्या कामातून स्मरणशक्ती कमावण्याची रीत

औसा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाचा हिशेब तपासायला मी दर महिन्याला जाते. गटात एक काकू आहेत, सत्तरीच्या पुढच्या. सही येत नाही, अंगठा लावतात. पण मी रजिस्टर उघडायच्या आत त्या सांगून मोकळ्या होतात, "छायाचे दोनशे ऱ्हायलेत. धाकल्या सुनीताचा भादव्यातला हप्ता चुकला हुता, तिनं दिवाळीच्या आधी दोन्ही भरले." रजिस्टरात नेमकं तेच निघतं. एकदा मी विचारलं, काकू, एवढं ध्यानात राहतं कसं? त्या म्हणाल्या, "माय, तू वहीत बघतीस, म्या मनात बघते. रातच्याला पाठ टेकली की एकेकीला डोळ्यापुढं आणते. कुणाचं किती, ते तिच्याच तोंडून ऐकते."

हा लेख काकूंच्या या सवयीवर उभा आहे. एखादी गोष्ट विसरली की आपण ती पुन्हा वाचतो, मोबाईलमध्ये बघतो, नाहीतर कुणाला तरी विचारतो. माहिती पुन्हा डोळ्यांपुढून जाते, पण आठवायचे कष्ट मनाला पडतच नाहीत. काकू आधी आठवतात. जे असं आत हात घालून काढावं लागतं, ते दर वेळी जास्त पक्कं होतं.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर तपासून दाखवलं. काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. काहींना वाचून झाल्यावर न बघता, आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला ते येतं, असा आपला समज होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये दगा होतो तो इथंच.

सुरुवात करायला एक पाठकोऱ्या कागदांची वही, पेन आणि रोजची वीस मिनिटं पुरतात. एक विनंती मात्र आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या एकदम धरू नका. पहिले पंधरा दिवस फक्त पहिल्या दोन करा.

पहिली पायरी: नीट आत घ्या

गावाला निघालेलं माणूस स्टँडवर पोचल्यावर म्हणतं, "कुलूप लावलं का नाही, आठवेना." खरं तर आठवायला तिथं काही नसतंच. कुलूप लावताना हात कुलपावर होते आणि मन एसटीच्या वेळेवर. ज्यावर लक्ष नव्हतं ते आत गेलंच नाही, मग बाहेर कुठून येणार? ज्याला आपण विसरणं म्हणतो, त्यातलं बरंचसं हे असंच असतं.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. हातानं करताय ते तोंडानं म्हणा. "गॅस बंद केला." "मोटरीचा स्टार्टर बंद केला." "चष्मा फ्रिजवर ठेवला." मोठ्यानं म्हणा, पुटपुटलं तरी चालेल, पण शब्द ओठांवर आला पाहिजे. म्हणताना त्या वस्तूकडे एकदा सरळ बघा. आठ दिवसांत फरक जाणवतो, कारण आता आठवायला एक आवाज आणि एक चित्र असतं.

दुसरी गोष्ट, मनाच्या हातात एका वेळी फार मावत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, कमीजास्त दोन, असा अंदाज मांडला होता. पुढच्या संशोधकांनी तो आणखी खाली आणला, साधारण चार गोष्टींवर. त्यामुळे कुणी एका दमात सहा कामं सांगायला लागलं तर त्यांना थांबवा. "थांबा मामा, आधी या दोन-तीन सांगा," असं म्हणण्यात अपमान कुणाचाच होत नाही. त्या तीन परत म्हणून दाखवा, मग पुढची घ्या. फोन कानाला लावून किंवा रील बघत बघत कुणाचं काम ऐकू नका. तसं ऐकलेलं काम हमखास विसरतं आणि बोल आपल्याच नावाला लागतो.

दुसरी पायरी: रात्रीची फेरी

हा सगळ्याचा कणा आहे. बाकी काहीच जमलं नाही तरी चालेल, ही पायरी तेवढी सोडू नका.

झोपायच्या आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसा आणि दिवस उलटा फिरवा. आत्ता अंथरुणावर बसले, त्याआधी भांडी घासली, त्याआधी जेवलो, जेवायला काय होतं, कोण कोण होतं, कोण काय बोललं. असं मागं मागं जात सकाळच्या चहापर्यंत पोचा. उलटं जाण्याला कारण आहे. सरळ क्रमानं गेलं की एक गोष्ट दुसरीला आपोआप ओढून आणते आणि मन सैल पडतं. उलटं जाताना प्रत्येक गोष्ट शोधून काढावी लागते. वेदपाठाच्या परंपरेत हीच युक्ती फार जुनी आहे. जटापाठात दोन शब्द आधी सरळ, मग उलटे, मग पुन्हा सरळ म्हणतात. घनपाठात तिसरा शब्द जोडून हीच ये-जा आणखी वाढवतात. लिहून न ठेवता हजारो ऋचा स्वरासकट पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहिल्या, त्यात या उलटसुलट घोकण्याचा मोठा वाटा आहे.

पहिल्या रात्री दुपारपर्यंत पोचायच्या आतच डोकं कोरं होईल. होऊ द्या. मधे अडलं की लगेच कुणाला विचारू नका, दहा-पंधरा सेकंद तिथंच थांबा. मग स्वतःलाच खूण द्या. तेव्हा ऊन कुठं होतं? कशाचा वास येत होता? अंगावर कोणती साडी होती? नाव अडलं असेल तर क, ख, ग असं एकेक अक्षर मनात म्हणून बघा, पुष्कळदा पहिल्या अक्षरावर नाव टपकन पडतं. तरी नाहीच आलं तर बघा किंवा विचारा, आणि मिळालेलं उत्तर एकदा न बघता म्हणा. या अडण्याचा त्रास वाटतो, पण खरा व्यायाम त्या अडण्यातच आहे. सहज आठवलेल्या गोष्टीनं मनाला फारसं काही मिळत नाही.

सकाळी चहा पिताना वहीत कालच्या तीनच गोष्टी लिहा, आठवून. कुणी सांगितलेला भाव, पेपरातली एक बातमी, एक नवीन नाव. लिहून झाल्यावर पडताळा घ्या.

तिसरी पायरी: अंतर ठेवून पुन्हा

माझी भाची लातूरला राहून नीटची तयारी करते. दिवाळीत आली तेव्हा तिचं जीवशास्त्राचं पुस्तक मी बघितलं. पानंच्या पानं पिवळी, हिरवी, गुलाबी केलेली. एक धडा तिनं सहा वेळा वाचला होता, सगळा एकाच रविवारी. मी पुस्तक मिटलं, पाठकोरा कागद पुढं केला आणि म्हटलं, "आठवेल तेवढं लिही." बराच वेळ ती पेन धरून बसली. खाली उतरल्या चार ओळी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, "मावशी, मला काहीच येत नाही गं." मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुझ्या डोक्यात काही कमी नाही. सहा वेळा वाचायला लागलेला वेळ तेवढाच ठेव, फक्त तो पसर.

आम्ही ठरवलं ते असं. धडा आज एकदा वाचायचा आणि लगेच न बघता लिहायचा. मग उद्या लिहायचा, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, एकविसाव्या दिवशी. दर वेळी आधी कोऱ्या कागदावर आठवेल ते, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं. पुढच्या वेळी लालच्या जागांपासून सुरुवात करायची. संक्रांतीला आली तेव्हा तोच धडा तिनं दीड पान लिहिला आणि लाल पेनाला काम फारसं उरलं नाही.

या आकड्यांत जादू नाही. एक, तीन, सात, एकवीसच्या जागी एक, चार, दहा, तीस घेतले तरी चालतं. मुद्दा एवढाच की गोष्ट निसटायला लागली, पण अजून पूर्ण गेली नाही, अशा वेळी तिला धरायचं. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. निरर्थक अक्षरं पाठ करून किती उरतं ते ते बघत. वीस मिनिटांत चाळीस टक्क्यांच्या वर ओसरलं, एका दिवसात जवळपास दोन तृतीयांश. त्यानंतर मात्र उतार मंदावला. म्हणून पहिली उजळणी चोवीस तासांच्या आत हवी, पुढच्या हळूहळू लांबवल्या तरी चालतात. अर्थ कळून पाठ केलेलं यापेक्षा जास्त टिकतं, हे ओघानं आलंच.

नोकरदारांनी, शेतकऱ्यांनी, घरातल्या बायकांनीही हे करावं. प्रशिक्षणात सांगितलेलं खताचं प्रमाण, नव्या योजनेच्या अटी, मुलीच्या सासरच्या मंडळींची नाती, सगळं याच अंतरांनी पक्कं होतं.

चौथी पायरी: माळवदाच्या घरात बाजाराची यादी

यादी क्रमानं लक्षात ठेवायची ही पद्धत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ग्रीक कवी सायमनिडीस याची गोष्ट रोमन लेखक सिसेरोनं लिहून ठेवली आहे. मेजवानीच्या दालनाचं छत कोसळलं, आतली माणसं ओळखण्यापलीकडे गेली. सायमनिडीस तेवढ्यात बाहेर गेला होता. कोण कुठं बसलं होतं ते डोळ्यांपुढं आणून त्यानं एकेकाची ओळख पटवली. त्यातून त्याच्या ध्यानात आलं की माणसाला जागा फार चांगल्या आठवतात, म्हणून आठवायची गोष्ट जागेवर नेऊन ठेवावी.

आपल्याकडे त्यासाठी जुन्या घरासारखं दुसरं काही नाही. माझ्या माहेरचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. आता पडायला आलंय, पण डोळे मिटले की मी त्यात बिनधडक फिरते. दारातून आत जाताना लागणाऱ्या दहा जागा मी क्रमानं ठरवून घेतल्या: उंबरठा, ढेलज (दाराजवळची बसायची जागा), ओसरी, ओसरीचा खांब, बळद (धान्य साठवायची कोठी), देवघर, चूल, रांजण, न्हाणी, आणि शेवटी माळवदावर जायचा जिना.

आता बाजारातून आणायचंय ते असं: करडईचं तेल, तूरडाळ, गूळ, सुतळी, साबण, टॉर्चचे सेल, येसूर, मीठ, वांगी, चहापत्ती.

उंबरठ्यावरून करडईचं तेल ओघळतंय, पाय सर्रकन सरकतो. ढेलजेत तूरडाळीचं पोतं उसवलंय आणि आजोबा मांडीपर्यंत डाळीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरताहेत. ओसरीवर गुळाची ढेप दाव्याला बांधलीय, ती रेडकासारखी ओढ घेतेय. खांबाला वरपासून खालपर्यंत सुतळी गुंडाळलीय, लाकूड दिसतच नाही. बळदाचं तोंड उघडलं तर ज्वारीच्या जागी साबणाचा फेस भसाभसा बाहेर. देवघरात समईच्या जागी टॉर्चचे सेल ओळीनं उभे, त्यांना हळदकुंकू वाहिलेलं. चुलीवर येसुराची आमटी उतू जातेय, नाकात ठसका बसला. रांजणात तांब्या बुडवला तर आत मीठ, खर्रकन आवाज. न्हाणीत दगडावर वांगी अंग चोळत बसलीत. जिन्यावरून चहापत्ती वाळूसारखी घरंगळत येतेय, पावलागणिक करकर वाजते.

हे एकदा सावकाश वाचा, डोळे मिटा आणि दारापासून चाला. बहुतेकांना पहिल्याच फेरीत आठ-नऊ सापडतात, स्वतःच्या घरात सगळी. चित्र विचित्र असावं, मोठं असावं, हलतं असावं आणि त्यात वास, आवाज, स्पर्श यातलं काहीतरी असावं. "ओसरीवर गूळ ठेवलाय" एवढ्यानं काही होत नाही, ढेपेनं दावं ओढायला हवं.

नवशिक्यांच्या दोन चुका मी नेहमी बघते. एक, जागा नीट न ठरवता चित्रं ठेवायला लागतात. आधी तीन-चार दिवस नुसत्या रिकाम्या घरातून सरळ आणि उलटं फिरा. दुसरी, त्याच घरात रोज नवी यादी कोंबतात आणि कालचा साबण आजच्या मेथीत मिसळतो. मी एका आठवड्याला माहेरचं घर वापरते, दुसऱ्या आठवड्याला सासरचं. तोवर जुनी चित्रं पुसट होतात.

फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना जिना, लिफ्ट, चपलांचा स्टँड, सोफा, बाल्कनी चालते. एसटीनं रोज जाणाऱ्यांना थांबे चालतात. लातूरहून तुळजापूरला जाताना औसा, उजनी, काक्रंबा हे क्रमानं येतात, तसे भाषणातले मुद्दे एकेका थांब्यावर उतरवायचे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. मेंदूच्या अभ्यासक एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली त्यांच्या मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा वाटा आणि आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका फरक जास्त. म्हणून नव्या गावात गेलात तर मोबाईलचा नकाशा जाताना बघा, येताना तो खिशात ठेवून वाट आठवत या.

पाचवी पायरी: माणसांची नावं

आमच्या एका गटात तीन सुनीता, दोन छाया आणि दोन मीरा आहेत. पहिल्या बैठकीत एवढ्या सगळ्या जणींची नावं ऐकून मला एकही धड राहिलं नव्हतं. नाव लक्षात राहत नाही यात आपला दोष कमी आहे, नावाची घडणच तशी असते. एखाद्याचं आडनाव लोहार आहे असं सांगितलं तर ते विसरतं. तोच माणूस लोहारकाम करतो असं सांगितलं तर राहतं, कारण भाता, ऐरण, ठिणग्या सगळं डोळ्यांपुढं येतं. आडनावाला असं काही चिकटलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञांनी हा फरक प्रयोग करून दाखवलाय. तेव्हा नावाला काहीतरी आपणच चिकटवायचं.

बायकांशी बोलताना मी एकच प्रश्न विचारते, "माहेर कुठलं?" मराठवाड्यात या प्रश्नानं चेहरा उजळतो आणि पुढची दोन मिनिटं ती बाई मनापासून बोलते. सुनीता निलंग्याची, तिच्या वडिलांचं भजनी मंडळ होतं. सुनीता उदगीरची, तिला किल्ल्याजवळची शाळा आठवते. धाकली सुनीता मुरूमची, कपाळावर गोंदण. आता तीन सुनीता राहिल्याच नाहीत, तीन बाया झाल्या. बोलता बोलता नाव दोनदा उच्चारायचं, "मग सुनीताताई, ते भजन अजून चालतं का?" निघताना पुन्हा नाव घेऊन निरोप घ्यायचा. एसटीत बसल्यावर न बघता यादी आठवायची आणि पडताळून बघायची. तिसऱ्या बैठकीला मी सगळ्यांना नावानं हाक मारली, तेव्हा एक जण पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "बाई, आमाला कुणी नावानं बोलवतच नाई. कुणाची तरी आई, नाईतर कुणाची तरी बायको."

सहावी पायरी: आकडे

लांब आकडा एकेक करून घेतला तर सांडतो. त्याचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला ओळखीचं काहीतरी जोडा. समजा, पासबुकावर २४१७०९४८२२ असा नंबर आहे. मी मुद्दाम सोपा घेतलाय. २४ ही लातूरची गाडी, एमएच २४. १७-०९-४८, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्त झाला तो दिवस. २२ परभणीची गाडी. दहा आकडे तीन गोष्टींत बसले: लातूरहून निघालो, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन केलं, परभणीला पोचलो. गाड्यांचे नंबर आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतात. २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २३ बीड, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली. याशिवाय घरातल्यांची जन्मसालं, शर्टाची साइज, क्रिकेटचा स्कोअर, काहीही जोडता येतं.

चार आकडी पिनसाठी आपली जुनी कटपयादी पद्धत मला फार आवडते. तीत अक्षराला आकडा असतो. क, ट, प, य म्हणजे १. ख, ठ, फ, र म्हणजे २. ग, ड, ब, ल ३. घ, ढ, भ, व ४. ण, म, श ५. च, त, ष ६. छ, थ, स ७. ज, द, ह ८. झ, ध ९. न म्हणजे शून्य. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही. जोडाक्षर असेल तर शेवटचं व्यंजन धरायचं. म्हणजे "ताकभात" झाला ६१४६ आणि "कढीभात" १४४६. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्या रागांच्या नावांतही हाच संकेत दडलाय. धीरशंकराभरण यातला ध म्हणजे ९ आणि र म्हणजे २, उलट वाचले की २९, तो एकोणतिसावा मेळ. जुन्या रीतीत आकडे असे उजवीकडून वाचतात, आपण घरच्या वापराला सरळ वाचावेत. तुमचा शब्द तुम्ही शोधा, इथला घेऊ नका, आणि तो कुणाला सांगू नका.

चालीवर म्हणा

जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या बायकांनी शाळा पाहिली नाही त्यांना शेकडो ओव्या येत, कारण जात्याच्या फेऱ्याला शब्द बांधलेले होते. यमक पुढचा शब्द हातात आणून देतं आणि ताल चुकलेला शब्द लगेच उघडा पाडतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी (अपूर्णांकांचे पाढे) पाठ असलेली आजोबा मंडळी अजून बाजारात कॅल्क्युलेटरच्या आधी हिशेब सांगतात, तीही चालीवरच पाठ झालेली. मुलांना रसायनशास्त्राची यादी किंवा पावसाची नक्षत्रं द्यायची असतील तर एखाद्या माहीत असलेल्या आरतीच्या चालीवर बसवून द्या. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. दोन संध्याकाळींत येतात.

उद्या करायचं काम

झालेलं आठवणं वेगळं आणि व्हायचं असलेलं वेळेवर आठवणं वेगळं. दुसऱ्यासाठी नुसतं "लक्षात ठेवीन" म्हणून भागत नाही, ते काम रोजच्या ठरलेल्या कामाला बांधावं लागतं. "सकाळी गोळी घेईन" यापेक्षा "चहाचा कप खाली ठेवला की गोळी" हे वाक्य कामाचं. "बँकेत जाईन" यापेक्षा "मुलाला शाळेत सोडलं की गाडी तशीच बँकेकडं वळवीन." काकूंना सुनीताचा हप्ता तारखेनं लक्षात राहत नव्हता, भादव्यानं आणि दिवाळीनं राहत होता, तेही याच जातीचं. परत करायचा डबा दाराच्या कडीलाच अडकवा.

खोलीत आलात आणि कशाला आलो ते विसरलात, तर आधीच्या खोलीत परत जा, तिथं उभे राहा. विचार जिथं सुटला तिथंच पुष्कळदा पडलेला असतो.

माझं एक ठाम मत आहे. औषधांची नावं आणि प्रमाण, कोर्टाच्या तारखा, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख या गोष्टी डोक्यावर सोडूच नयेत. त्या लिहा, भिंतीवर लावा, फोनमध्ये गजर लावा. स्मरणशक्ती सिद्ध करायची ही जागा नाही.

झोप, चालणं आणि डॉक्टर

दिवसा आत घेतलेलं रात्री झोपेत पक्कं होतं. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारी मुलं स्वतःचंच नुकसान करतात. मोठ्यांना सात-आठ तास हवेतच, वाढत्या वयाच्या मुलांना त्याहून जास्त. चालण्याचाही थेट उपयोग आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० वयस्क माणसं होती. त्यांतला अर्धा गट आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालला. वर्षभरानं त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार दोन टक्क्यांनी वाढला होता, नुसते ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्या बाकीच्यांचा थोडा घटला होता. उन्हाळ्यात आपल्याकडे सहाच्या आत चालून घ्यावं.

बुद्धिवर्धक सिरपवर पैसे घालू नका. मोबाईलवरच्या ब्रेन गेमनं बहुधा तो गेमच चांगला खेळता येतो. त्यापेक्षा रक्त तपासून घ्या. शाकाहारी माणसांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं फार आढळतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तरी ते कमी होतं. अशा गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. थायरॉइड, मनाची उदासी, दारू, अपुरी झोप यांनीही विसरायला होतं आणि यातलं पुष्कळ उपचारानं सुधारतं. कान तपासायला लोक लाजतात. ज्याला नीट ऐकूच येत नाही त्याला आपण विसरभोळं ठरवून मोकळे होतो.

चष्मा कुठं ठेवला ते विसरणं नेहमीचं आहे. रोजच्या वाटेवर हरवणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं, नेहमीची भाजी करताना कृतीच सुटणं, हिशेब अचानक न जमणं, ही लक्षणं दिसली तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या कुणीतरी महिनाभराच्या नोंदी लिहून न्याव्यात, कोणत्या दिवशी काय झालं ते. आणि एखाद्याचं बोलणं एकाएकी बरळल्यासारखं झालं, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, तर उशीर न करता मोठ्या दवाखान्यात न्या. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

घरात असं विसरणारं वयस्क माणूस असेल तर वरच्या पायऱ्या त्यांच्यावर चालवू नका. "हे कोण, सांगा बरं?" असं विचारून परीक्षा घेतली की ती माणसं कोमेजतात, गप्प बसायला लागतात. जवळ बसा, फोटो हातात द्या आणि नाव आपणच आधी सांगा, "ही बघ आई, आपली तुळजापूरची मावशी. हिच्या लग्नात तू रात्रभर पुरणपोळ्या लाटल्या होत्यास." मग थांबा. पुढचं कधी कधी त्या स्वतःच सांगायला लागतात.